तीनशे दोनमधला ओटा

फ्लॅटचा ताबा घ्यायच्या दिवशी धोंडबा मेश्राम बेसाच्या फ्लॅट-स्कीमवर दहाच्या आधीच पोचला. खालचं ऑफिस उघडायचं होतं. वॉचमननं खुर्ची पुढे केली, पण तो बसला नाही. अंजनाबाईला जाऊन सात महिने झाले होते. जिनं दोन वर्षं या दिवसाची वाट पाहिली ती नाही, आणि आपण खुर्चीत बसायचं, हे त्याला बरं वाटेना.

नवराबायकोनं तीस वर्षं प्रतापनगरात भाड्याच्या खोल्यांत काढली. घरं चार बदलली. स्वयंपाकाचा ओटा मात्र प्रत्येक घरात उंचच मिळाला. अंजनाबाई चणीनं ठेंगणी. भाजी परतायची तरी पायाखाली पाट घ्यावा लागे. त्या पाटावरून ती दोनदा पडली, एकदा मनगट मोडलं. धोंडबाची कॉलेजातली परिचराची नोकरी संपली, हातात पैसे आले, तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "हॉल लहान असला तरी चालते. ओटा माझ्या मापाचा पाहिजे."

रोशन नावाचा एक दलाल तेव्हा मागे लागला होता. "काका, नकाशापासून किल्ली हातात येईपर्यंत मी सोबत राहतो," असं तो म्हणायचा. अंजनाबाईनं त्याला चहा पाजून वाटेला लावला.

"दोन टक्के कायचे द्यायचे त्याले?" ती म्हणाली. "आपल्याले डोळे नाहीत काय? सातवी शिकली आहो मी. नकाशा समजते मले."

तिला नकाशा समजतही होता. तिसरा मजला, मजल्यावर दोनच फ्लॅट. लिफ्टमधून निघाल्यावर डाव्या हाताला तीनशे एक, उजव्या हाताला तीनशे दोन. त्यांनी घेतला तो तीनशे एक.

मग दर रविवारी दोघं साईटवर जायची. तिथं तेव्हा ऑफिस नव्हतं, मिस्त्री आणि वॉचमन तेवढे असायचे. नव्या भिंतीला पाणी पाजावं लागतं, नाहीतर ती तडकते, हे अंजनाबाईला ठाऊक होतं आणि मजुरांवर तिचा भरवसा नव्हता. मे महिन्याच्या उन्हात पदर डोक्यावर घेऊन ती पाईप धरायची. धोंडबा पाईपच्या गाठी सोडवत मागे उभा. गोविंदा मिस्त्रीसाठी ती डब्यात भाकर आणि जवसाची चटणी न्यायची.

ओट्याची वेळ आली तेव्हा तिनं गोविंदासमोर भिंतीला टेकून उभं राहून कोपर वाकवलं. "इथं खूण कर."

"काकू, इतका खाली? लोकं हसतीन."

"हसू दे. लोकं येऊन राहिले काय माझ्या घरी भाकरी टाकायले?"

गोविंदानं पेन्सिलनं रेघ मारली. पुढच्या रविवारी ओटा बांधून तयार होता. अंजनाबाईनं त्यावर दोन्ही हात ठेवले, खोट्या खोट्या चार पोळ्या लाटल्या आणि नवऱ्याकडे पाहून म्हणाली, "पाहा, खांदे वर नाही करा लागत." पावसाळ्यात तिला डेंग्यू झाला. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

पोरगा प्रशिक पुण्याला नोकरीत होता. तो म्हणाला, "बाबा, एकटे कायले राहता, माझ्याकडे या." धोंडबानं ऐकलं नाही. बाई गेली, पण तिच्या हातचं एक घर आहे. दिवस काढायचे तर तिथंच, असं त्यानं ठरवलं होतं.

साडेदहाला गार्गी आली. ऑफिसातली पोरगी, वीस-बावीस वर्षांची, हातात किल्ल्यांचा जुडगा. लिफ्ट आता सुरू झाली होती. तिसऱ्या मजल्यावर दार उघडलं आणि धोंडबा सरळ उजवीकडे चालू लागला.

"काका, तिकडे कुठे? तुमचा हा, इकडे."

"नाही बाई. हेच आपलं."

"ते तीनशे दोन आहे."

धोंडबा हसला. पोरीला माहीत नाही, असं त्याला वाटलं. गार्गीनं फाईल उघडून नकाशा दाखवला. लिफ्टमधून निघाल्यावर डाव्या हाताला. त्यानं लिफ्टकडे पाहिलं, मग समोरच्या जिन्याकडे पाहिलं. बांधकाम चालू असताना लिफ्ट कुठं होती? दोघं जिन्यानंच चढायची. जिन्यानं आलं की लिफ्ट समोर येते, आणि डावा हात असतो तो तीनशे दोनकडे. दारांवर तेव्हा नंबर नव्हते. दर रविवारी ती धापा टाकत वर यायची आणि डावीकडे वळायची.

तीनशे दोनचं दार उघडंच होतं. आत ऋषिकेश आणि दामिनी हे नवीन जोडपं सामान कुठं ठेवायचं ते पाहत होतं, आणि स्वयंपाकघरात छिन्नी-हातोडा घेऊन गोविंदा बसला होता.

"काका?" गोविंदा उठला.

"काय करून राहिला?"

"ओटा तोडायचा आहे. मॅडम उंच आहेत, वाकून त्यांची कंबर दुखंन." मग घर चुकलं होतं हे त्याच्या ध्यानात आलं. त्यानं हातोडा खाली ठेवला. "मले काय माहीत, काका. तुम्ही म्हटलं आपलं घर, म्या म्हटलं असंन."

धोंडबानं त्या दोघांना सगळं सांगितलं. त्याला नीट बोलता येत नव्हतं, मधलं आधी आणि आधीचं नंतर येत होतं. पण दोघांनी ऐकून घेतलं. शेवटी तो म्हणाला, "दोन्ही फ्लॅट सारखेच आहेत. तुम्ही माझा घ्या, मले हा द्या. जे लागंन ते मी देतो."

ऋषिकेशनं बायकोकडे पाहिलं. "काका, आमचं बँकेचं कर्ज ह्याच नंबरवर आहे. तरी विचारून पाहता येईल." तो गार्गीला काही विचारणार, तेवढ्यात दामिनी म्हणाली, "पण दार? हे पूर्वेचं आहे. तुमचं पश्चिमेचं. आईंना पूर्वेचं पाहिजे म्हणून तर सहा महिने शोधलं आम्ही."

"पोरी, दिशेनं काय होते? आम्ही नाही मानत ते. मले कोणतीबी दिशा चालते."

"तेच तर म्हणते मी, काका," दामिनी म्हणाली. तिच्या बोलण्यात कुचकेपणा नव्हता. "तुम्हाला कोणतीही चालते, आम्हाला नाही चालत. मग तुम्हीच राहा नं तिकडे."

कोणतीही दिशा चालते, हेच धोंडबा जन्मभर लोकांना सांगत आला होता.

"एक दिवस थांबता का?" त्यानं विचारलं. "तोडायचं उद्या करा."

"परवा गॅसवाला येणार आहे," ऋषिकेश म्हणाला. "उद्या फरशी बसली पाहिजे. तुम्ही पाहून घ्या, काका. सावकाश पाहा. आम्ही बाहेर थांबतो."

ती दोघं खरंच बाहेर जाऊन उभी राहिली. धोंडबा ओट्यापाशी गेला. पाहण्यासारखं काही नव्हतं. काळा दगड, त्यावर सिमेंटची धूळ. हात ठेवायला त्याला वाकावं लागलं.

गोविंदा हळूच म्हणाला, "काका, तुमच्याकडचा मी खाली करून देतो. मजुरी नका देऊ. काकूचं माप आहे माझ्या ध्यानात."

"आता कोणासाठी, गा?"

तो बाहेर आला. गार्गीनं तीनशे एक उघडून दिला. त्या घरात अंजनाबाईनं कधी पाऊल टाकलं नव्हतं. गार्गी नळ सोडून दाखवत होती, खिडक्या सरकवून दाखवत होती, आणि तो तिच्या मागे मागे फिरत होता. हॉलच्या एका भिंतीला लांब बारीक तडा गेला होता. इथं कुणी पाणी पाजलं नसावं.

स्वयंपाकघरातला ओटा त्याच्या कमरेला बरोबर लागला. गार्गीनं त्यावरच कागद ठेवला.

"काका, काही दुरुस्ती असेल तर इथं लिहा. आम्ही करून देतो. नसेल तर खाली सही."

भिंतीपलीकडे पहिला घाव बसला. मग दुसरा. गोविंदाचा हात जड होता, दगड लवकर निघत नव्हता. गार्गीनं पेन पुढे केलं.

तड्याचंही त्यानं लिहिलं नाही. रिकाम्या जागेवर एक आडवी रेघ मारली आणि खाली सही केली.