रक्तातले किडे

किडेबाबाच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. शिंप्याच्या बायकोचे पाय परातीतल्या पाण्यात होते. बाबाने ओल्या लाल फडक्याने ते पुसले, फडकं परातीत पिळलं आणि पाण्यात तांबडे किडे वळवळू लागले.

"तुझ्या रक्तातून उतरले," बाबा म्हणाला. "गोळ्या घेशील तर आत दडून बसतील."

लोकांनी हात जोडले. परात धरून बसलेल्या शिंप्याची छाती फुगली. इतके कुणाचेच निघाले नव्हते. डॉक्टरने दिलेल्या हिवतापाच्या गोळ्या त्याने गटारात फेकल्या.

"अहो, थंडी वाजतेय. दवाखान्यात न्या ना," बायको म्हणायची.

"किडे निघतायत ना? मग दम धर."

तो तिला रोज आणायचा, पुढेपुढे उचलून. एका संध्याकाळी परातीवरच तिची मान कलली.

"एक किडा आत राहिला. तुझा विश्वास कमी पडला," बाबा म्हणाला आणि त्याने पुढच्या माणसाला बोलावलं.

शिंप्याने तेही मानलं. पण महिनाभरात लेक कुडकुडायला लागली, तेव्हा त्याचा धीर सुटला. बाबाच्या परातीतले किडे बाटलीत भरून, लेकीला घेऊन तो शेजारच्या विज्ञानाच्या बाईंकडे गेला. "हिच्या अंगात हेच आहेत का हो?"

"पोरीला आधी दवाखान्यात न्या. हे अंगात नसतात, डबक्याच्या गाळात असतात. एका माशीच्या अळ्या आहेत. लाल मुळातच, रक्त पिऊन नव्हे."

लेक वाचली. मग शिंपी आणि बाई शेडवर गेले. कुणी पाय बुडवायच्या आत बाईंनी बाबाचं फडकं उचलून कोऱ्या परातीत पिळलं. अळ्या टपटप पडल्या. मागच्या उघड्या टाकीच्या तळाशी तसल्याच अळ्या होत्या. वर पाण्याच्या पृष्ठभागालगत आडव्या तरंगणाऱ्या दुसऱ्या होत्या, डासांच्या.

"हिवताप हे डास पसरवतात," बाई म्हणाल्या. "आणि तुम्ही रोज आजारी माणसं इथे आणून बसवता."

बाबा मागच्या दाराने सटकला होता. "पलीकडच्या गल्लीत दुसरे एक बाबा आहेत म्हणे," गर्दीत कुणीतरी कुजबुजलं.

शिंपी दारात आडवा उभा राहिला. "माझी बायको दवाखान्यात न्या म्हणत होती," तो म्हणाला. "मी परात धरून बसलो. तुमचं माणूस तापलं असेल तर डॉक्टरकडे न्या. माझ्यासारखं बघत बसू नका."