कोहळ्याचा बळी

रघुवीरराव दामल्यांनी त्या तलवारीनं कोहळा कापला. ही गोष्ट मला शांतपणे सांगता येत नाही, त्यामुळे तसा प्रयत्नही करणार नाही.

तलवार ब्रेंडाची. ब्रेंडा ही आमची इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली शेजारीण, भिंतीला भिंत लागून. तिचे वडील दुसरं महायुद्ध संपल्यावर शिपाई म्हणून जपानात होते. तिथे लोकांची शस्त्रं गोळा करून ढीग लावले होते आणि घरी परतताना ज्याला हवी त्याला एखादी तलवार उचलता यायची. त्यांनी सगळ्यात देखणी उचलली. ब्रेंडाचं सगळं बालपण त्या तलवारीखाली शेकोटीजवळ बसण्यात गेलं. मागच्या वर्षी तिनं ती एका जाणकाराला दाखवली, त्यानं मूठ काढून आतल्या लोखंडावर कोरलेली अक्षरं वाचली, आणि बिचारीची झोप उडाली.

तलवार लढाईची नव्हतीच. एका खेड्यातली साथ ओसरली, म्हणून गावानं चांगल्या लोहाराकडून ती घडवून घेऊन देवळाला वाहिली होती. अशी तलवार कुणी कमरेला लावत नाही, तिनं काही कापत नाही. ती देवाची. पुजाऱ्यानं तिला तेल लावायचं आणि परत ठेवायची, बस.

"म्हणजे माझ्या वडिलांनी देवळात चोरी केली," ब्रेंडा मला म्हणाली. मग तिनं ते देऊळ शोधून काढलं. नोव्हेंबरमध्ये ती स्वतः जाऊन तलवार परत करणार होती. तिचा एकच हट्ट होता. वडिलांनी जशी आणली तशी, एकही ओरखडा न पडता ती द्यायची.

मी तिला खंडेनवमीचं सांगितलं. आमच्यात त्या दिवशी शस्त्रांची पूजा होते, हे ऐकून तिचे डोळेच भरून आले. एक दिवस घेऊन जा, हात जोडणाऱ्या माणसांत राहू दे तिला, असं तीच म्हणाली. अट एवढीच, की म्यानातून काढायची नाही. त्या पोलादावर माणसाचा श्वास पडला तरी डाग उठतो. जाणकारानं ती उपसताना ओठांत कागद धरला होता म्हणे. मी शब्द दिला.

आमच्या मंडळाची खंडेनवमी आणि दसरा एकाच दिवशी असतो, जवळच्या सोयीच्या शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये. टेबलावर सुऱ्या, लॅपटॉप, स्टेथोस्कोप, कुणाचं तरी ड्रिल मशीन. मधोमध पांढऱ्या कापडावर मी तलवार ठेवली. हात लावू नका, असं मराठीत सांगितलं, इंग्रजीतही सांगितलं. मग माइकवर पुकारा झाला की माझ्या गाडीनं जेवणवाल्याची व्हॅन अडवली आहे. मी गाडी हलवायला गेले. परत आले तेव्हा टाळ्या वाजत होत्या.

मंडळाचे अध्यक्ष रघुवीरराव पीतांबर नेसून, वर फ्लीसचं जॅकेट घालून, हातात नागवी तलवार घेऊन उभे होते. पात्यावर हळदीकुंकवाची ओली बोटं उमटलेली. समोर कोहळ्याच्या दोन फाका. आपल्याकडे काही घरांत नवमीला बकऱ्याच्या जागी कोहळ्याचा बळी देतात. रघुवीरराव दरवर्षी तो ब्रेडच्या सुरीनं देतात. यंदा समोर तलवार दिसली आणि ह्यांच्या अंगात वीरश्री संचारली. घाव कोहळ्यातून थेट केटरिंगच्या स्टीलच्या टेबलाच्या कडेवर बसला होता. आता ते ओल्या किचन टॉवेलनं पातं पुसत होते.

"तुम्ही ती म्यानातून काढलीतच कशी?" मी विचारलं.

"अगं सुलक्षणा, देवाचीच तलवार ना? देवाच्याच कामाला आली. व्हॉट्स द बिग डील?"

मी ती हातातून काढून घेतली. धारेत ज्वारीच्या दाण्याएवढी खाच पडली होती. इतक्या पिढ्यांत जिनं काहीही कापलं नाही, तिच्याकडून आमच्या अध्यक्षांनी भोपळ्याचा भाऊ कापून घेतला.

नंतर कमिटीची माणसं मला समजवायला लागली. वैभवी म्हणाली, म्हाताऱ्या बाईला दिसणारसुद्धा नाही, तू कशाला सांगतेस? उगाच कम्प्लेंट झाली तर पुढच्या वर्षी हॉल मिळायचा नाही. तलवारीचं काय झालं, हे एकानंही विचारलं नाही. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकाला कुणी पायातले बूट न काढता हात लावला असता, तर हीच मंडळी कौन्सिलच्या दारात जाऊन बसली असती. दुसऱ्याचा देव म्हटला की तो प्रदर्शनातली वस्तू होतो. मला इतका संताप आला की मी न जेवता निघाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तलवार परत द्यायला गेले, तर रघुवीरराव श्रीखंडाचा डबा घेऊन ब्रेंडाच्या दारात हजर. तू रागात आहेस, तुला डिप्लोमॅटिकली बोलता येणार नाही, असं मला म्हणाले. आत बसल्यावर त्यांनी तिला गोड आवाजात सांगितलं, की जुन्या धातूला असं आपोआप होतं, बहुतेक आधीपासूनच असेल.

ब्रेंडानं चष्मा लावून पातं खूप वेळ पाहिलं. मग ती रघुवीररावांना म्हणाली, "आय ॲम सो सॉरी. देण्याआधी मीच नीट बघायला हवं होतं."

तिनं त्यांची माफी मागितली! मला ते सहन होईना.

"ब्रेंडा, ही इज लाइंग," मी म्हणाले, आणि गाडी, टाळ्या, हळद, कोहळा, टेबल, सगळं सांगून टाकलं. रघुवीरराव डब्याकडे बघत राहिले.

ब्रेंडा रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. देवळाला आजच कळवायला हवं, एवढंच ती म्हणाली. तिकडे संध्याकाळ होती. तिनं व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर म्हातारे पुजारी आले आणि शेजारी त्यांची इंग्रजी बोलणारी सून. ब्रेंडानं झालं ते सांगितलं आणि मान खाली घातली. पुजारीही वाकले आणि वाकलेलेच राहिले. सुनेनं अर्थ सांगितला, की त्या वेळी देवळाला तलवार सांभाळता आली नाही म्हणून तिला एवढं भटकावं लागलं, त्याबद्दल ते क्षमा मागताहेत. मीही हात जोडले, माफी मागितली. ज्यांनी काही केलं नव्हतं ते सगळे वाकले होते. ज्यांनी केलं, ते ताठ बसले होते.

एवढ्यावर तरी थांबावं की नाही? रघुवीरराव खुर्ची पुढे ओढून "इन अवर कल्चर" असं सुरू झाले. कोहळ्याचं महत्त्व सांगितलं. आणि वर विनंती केली, की तलवारीची पूजा आमच्याकडेही झाली आहे, तर ती देवळात ठेवाल तेव्हा आमच्या मंडळाचं नावही कुठेतरी लिहावं. कल्चरल एक्स्चेंज म्हणून.

सुनेनं ते सासऱ्यांना सांगितलं.  मग त्यांचं उत्तर आलं. जरूर लिहू. खाच घासून काढायची तर आणखी पोलाद जाईल, म्हणून ती तशीच राहील. येणारे लोक त्याबद्दल विचारतील आणि आम्ही खरं तेच सांगू, कुठे झालं, कशानं झालं, कुणाच्या हातून झालं. त्यामुळे मंडळाचं नाही, त्या माणसाचं नाव हवं.

रघुवीररावांचा आवाज एकदम खाली आला. "सुलक्षणा, नको म्हणून सांग. नाव वगैरे राहू दे. तू म्यूट कर ना जरा."

पडद्यावर सून पेन घेऊन थांबली होती. तिनं पुन्हा नम्रपणे विचारलं. ब्रेंडानं माझ्याकडे पाहिलं.

मी खुर्ची पुढे घेतली आणि रघुवीररावांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव एकेक अक्षर सुटं करून सांगितलं. सुनेनं खात्रीसाठी ते वाचून दाखवलं. एक अक्षर चुकलं होतं, तेही मी दुरुस्त केलं.