नाव काढा

१९८८ साली वडगावातल्या क्षयरोगाच्या दवाखान्यात कॉम्प्युटर आला. त्याचा मेनू लिहिण्याचं काम येळ्ळूरच्या कृष्णातला मिळालं. पडद्यावर देवनागरी उमटत नव्हती. खिडकीवरच्या तानुबाई आक्कांना समजावं म्हणून त्यानं इंग्रजी अक्षरांत मराठीच लिहिलं : नवीन नाव, हजेरी, नाव काढा, यादी छापा. तासभर शिकवून तो गेला.

महिनाअखेर गोळ्या न्यायला न आलेल्यांची यादी छापायची आणि नर्सनं त्यांच्या घरी जायचं, अशी पद्धत होती.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी कृष्णातला बोलावून घेतलं. मागावर काम करणारा भरमू खोकल्यातून रक्त पडतंय म्हणून आला होता. दोन महिने त्यानं गोळ्या नेल्या नव्हत्या, तरी त्याचं नाव एकाही यादीत नव्हतं.

"आक्का, पेशंट आला की तुम्ही काय दाबत होता?" कृष्णातनं विचारलं.

"कधी हजेरी, गर्दी असली की 'नाव काढा'. डॉक्टर म्हणतात न्हाय का, ह्याचं नाव काढा, म्हंजे शोधून द्या? नुसता नंबर घातला की लगेच 'झालं' असं यायचं. मला वाटलं, नोंद झाली."

लिहिताना कृष्णातच्या मनात 'काढून टाका' होतं.

"लिवायच्या आधी एकदा इचारायचं तरी हुतंस रं," तानुबाई हळू म्हणाल्या.

जुन्या कार्डांशी ताडून पाहिलं, तर एकोणीस नावं पुसली गेली होती. चार दिवस दोघं मागांच्या खडखडाटात घरं शोधत फिरले. सतरा जण नियमित गोळ्या नेत होते. एक जण गाव सोडून गेला होता. उरला भरमू.

त्याची बायको यल्लव्वा उंबऱ्यात उभी होती. "पयलं गोळ्या चुकल्या की नर्सबाई यायच्या. ह्या वेळी कोण आलं न्हाय. तवा हे म्हणाले, आता बरा झालो असंन मी."

"चूक माझी हाय, वहिनी," कृष्णात म्हणाला. तिनं दोघांना पाणी दिलं.

भरमू इंजेक्शनांवर वाचला, पण मागावर परत बसू शकला नाही.

कृष्णातनं नवा मेनू तानुबाईंच्या शेजारी बसून लिहिला. प्रत्येक शब्दाला तो विचारी, "ह्याचा अर्थ काय लागतो?" 'नाव कायमचं पुसा' हे शब्द तानुबाईंचेच. त्यापुढे "नक्की का?" असा प्रश्नही त्यांनी घालायला लावला.

तरी त्या दिवसापासून आक्का प्रत्येक नाव आधी वहीत लिहीत, आणि मगच बटणाला बोट लावत.