मेमरी विसरेपर्यंत

गोवा राज्य झालं त्याच वर्षी आमोण्याच्या धक्क्यावर बार्जीत खनिज भरणारा पट्टा कॉम्प्युटरवर चालू लागला. त्याचा प्रोग्राम संजनानं लिहिला होता, तान्ह्याला मांडीवर घेऊन. वीज आली की आधी सगळी मेमरी शून्य करायची, मगच मोटरला हात लावायचा, एवढा तिचा हट्ट.

"पडदा इतका वेळ काळा का राहतो?" प्रशांतसाहेबांनी विचारलं.

"आतलं जुनं पुसतेय, साहेब. वीज क्षणभर जाऊन आली तर 'पट्टा चालव' हा आधीचा हुकूम मेमरीत तसाच राहतो."

"दुपटी बदलून बदलून सवय लागलीय तुम्हाला. जिथं तिथं पुसत बसता!"

सगळे हसले. साहेबांनी ज्युनिअर गौरेशकडून ते पुसणं काढून टाकवलं. ऑफिसात तपासताना मशीन बंद करायचे, चहा पिऊन यायचे, परत चालू करायचे. पट्टा चालवायचा हुकूम काही निघत नसे. तोवर मेमरी आपसूकच सगळं विसरलेली असे.

धक्क्यावर मात्र एका दुपारी वीज गेली आणि सावंतवाडीकडचा बाबली नेहमीसारखा पट्ट्यावर चढला, अडकलेलं खनिज फावड्यानं सारायला. तेवढ्यात वीज आली. पट्टा सुटला. मुकादम सगुणनं मेन स्विच पाडला, तोवर बाबलीचा पाय गुडघ्यापर्यंत रोलरखाली गेला होता.

भारानं पट्टा हातांनी हलेना. उलटा फिरवायला कॉम्प्युटर चालू करणं भाग होतं. संजना धावत आली आणि स्विचला पाठ लावून उभी राहिली.

"आत्ता नाही. आत जुनाच हुकूम आहे. पट्टा पुढंच ओढील, अख्खा माणूस जाईल. मेमरी विसरू दे."

"बाई, बाजूला व्हा!" प्रशांतसाहेब ओरडले.

"व्हायची नाही मी."

"चालू कर गे बाय! पाय सोडय माझो!" बाबली किंचाळला. त्या आवाजासरशी तिला पान्हा फुटला, पोलकं भिजलं.

"बाबलीदादा, थोडं सोस रे. थोडंच."

"तुका पोर आसा मां? तेचो पाय आसतो तर थांबलं आसतंस?"

ती रडत होती, पण पाठ हलवली नाही. विसरायला किती वेळ लागतो, ते नेमकं तिलाही ठाऊक नव्हतं. त्याचा आवाज घोगरा झाला, मग नुसतं कण्हणं उरलं. तेही थांबेल या भीतीनं शेवटी तिनं स्विच वर केला.

पडदा उजळला. पट्टा जागचा हलला नाही. तिनं तो सावकाश उलटा फिरवला. पाय सुटला, उरला होता तेवढा.

उचलून नेताना तिनं बाबलीच्या ओठांना पाणी लावलं. ते त्यानं तिच्याच तोंडावर थुंकलं.

"हिनाच माका धरून ठेवल्यान," तो सगुणला म्हणाला.

"मी सांगत होतो, बाजूला व्हा म्हणून," प्रशांतसाहेब म्हणाले. "सगळ्यांनी ऐकलंय."