रक्तातलं वाढलं तेव्हा

मिरजेच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पुन्हा वरपासून वाचला, तशी राही खुर्चीत पुढं सरकली. कॅन्सरच्या गाठीपायी तिचा डावा स्तन काढून दोन वर्षं होत आली होती.

"वाढलंय व्हय?"

"वाढलंय. या गाठीच्या पेशींवर साखर चिकटलेलं, बुळबुळीत प्रथिन असतं. ते सुटून रक्तात उतरतं, तेच आपण मोजतो. पण नुसत्या आकड्यावरून गाठ परत आली असं म्हणता येत नाही. काविळीनंही तो चढतो. आधी फोटो काढू. घरचं कुणी आलंय?"

"मालक मिल्ट्रीत हायती. आसामात."

एस्टीनं पलूसला परतताना तिला मरणाची भीती तेवढी वाटली नाही. नाथाजीची आठवण मात्र उसळून आली. ऑपरेशननंतर तो दोनदा रजेवर आला आणि दोन्ही वेळा बाहेर सोप्यात अंथरूण टाकून झोपला. ती आत त्याचा खोकला ऐकत पडायची. बाईपण गेलं तसा नवराही गेला, असं तिनं मनाशी धरलं होतं.

रविवारी चौकातल्या एसटीडीच्या दुकानात त्याचा फोन आला. एरवी ती "समदं बरं हाय" म्हणून ठेवायची.

"आवं, रक्तातलं वाढलंय," ती म्हणाली. मग दुकानात माणसं असूनही म्हणाली, "घरी या. दवापाण्यासाठी न्हाई. मला तुमी पायजेल."

आठवड्याच्या आत तो आला. जेवणं झाली आणि त्यानं नेहमीसारखी सोप्यात झोपायला वाकळ उचलली.

"माझी किळस येती व्हय तुमास्नी?"

नाथाजीनं वाकळ खाली ठेवली. "खुळी का काय तू? जखम जपा, म्हणालं हुतं डॉक्टर. झोपंत हात लागला तर? गोळीला भ्यालो न्हाई राहे, पर तुला दुखवायला लय भ्यालो."

"मग इचारायचं न्हाई?"

"कसं इचारायचं, त्येच कळंना."

तिनं त्याचा हात धरून व्रणावर ठेवला. तिथली कातडी बधिर होती. हाताचं वजन तेवढं जाणवलं. एवढ्यानंच तिला रडू फुटलं.

फोटोत मणक्यावर डाग निघाले. "मुळासकट जाणार नाही, पण दाबून ठेवता येईल," म्हणत डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. नाथाजीनं नोकरी सोडायचं ठरवलं, पण त्यासाठी पलटणीत परत जाणं भाग होतं. तो गेला. वरून मंजुरी मिळून कायमचं घरी यायला दिवाळी उजाडणार होती.

पुढच्या तपासणीत आकडा बराच उतरला. राही दवाखान्याच्या पायरीवर येऊन उभी राहिली. दिवाळी आपल्याला दिसणार, एवढी खात्री आता वाटत होती. आणि खात्री वाटल्यापासूनच तिला त्याच्यावाचून एकेक दिवस कंठवेना.