सफरचंदाचं रोप

आमचे दाजी हॅम्बुर्गचे. आमच्या ट्रियरला, या जुन्या रोमन शहरात, आले की दिवसभर रोमन दरवाजा, रोमन हमामखाना, मग कॅथेड्रल असे हिंडतात आणि संध्याकाळी मोझेल नदीकाठच्या आमच्या घरी बसून आम्हालाच नावं ठेवतात.

"तुम्हा लोकांना कशाची किंमतच नाही!"

परवा आईने त्यांच्या हातात फावडं दिलं. "जावईबापू, बोलून दमला असाल. परसात एवढं सफरचंदाचं रोप लावून टाका."

थोड्या वेळाने दाजी ओरडतच आत आले. "आई! खाली रंगीत खड्यांच्या चित्रांची फरशी लागलीय! चक्क रोमन! सरकारी माणसांना फोन लावतो!"

"फोन ठेवा तो," आई बटाटे सोलत म्हणाली. "शेजारच्या लेओनहार्टने न्हाणीघर बांधायला काढलं, तर खाली रोमनांचं न्हाणीघर निघालं. आता ते बघायला जग लोटतं, आणि हा अजून बहिणीकडे आंघोळीला जातो."

"अहो, पण हा इतिहास आहे!"

"आहे ना. पळून चाललाय का कुठे?" आईने सुरी बाजूला ठेवली. "काय लागलं तुम्हाला, घोडा की मासा?"

दाजींचा आवाज एकदम खाली आला. "घोडा."

"मग तुम्ही फार उजवीकडे गेलात. कुंपणाकडे हातभर सरका, तिथे नुसती माती आहे. आणि घोडा नीट झाका हो. थोरले जावई मासा उघडाच टाकून गेले होते."