कोरडी रांग

लताबाईंनी नळीच्या तोंडावर अंगठा दाबला आणि गव्हाच्या कोरड्या रांगेवर फवारा सोडला. पानं उलटीपालटी करून धुतली. पानाखालची बारीक जाळी आणि टाचणीच्या टोकाएवढे तांबूस कोळी पाण्याबरोबर मातीत गेले.

"एवढी बुकं शिकली, पण पिकाला पाणी घालायचं कळेना," त्या पुटपुटल्या. पावसानं ओढ दिली की ज्वारीवर कोळी पडतो आणि एका जोरदार सरीनं धुऊन जातो, हे त्यांच्या सोलापूरकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. इथं जपानात, सेंदाईत, त्यांची सून ज्ञानदा प्लास्टिकच्या छपराखाली तीन आठवडे गहू तहानेला ठेवून भिंगातून कोळी मोजत बसायची. तिचं काम बघायला म्हणून त्या आज संशोधन केंद्रावर आल्या होत्या.

ज्ञानदा आतून जेवणाचा डबा घेऊन आली आणि रांगेपाशी थबकली.

"आई, इथं पाणी कुणी घातलं?"

"मला काय माहीत? आला असेल पाऊस."

दोघींनी वर पाहिलं. छपरावर महिन्याभराची धूळ होती.

"ही रांग मुद्दाम कोरडी ठेवली होती," ज्ञानदा हळू म्हणाली. "पाऊस लांबला तर कोळी किती वाढतो, तेच बघायचं होतं. माझी पुढच्या वर्षीची नेमणूक यावरच होती."

लताबाईंनी ओला हात पदराआड नेला. 'मग आधी सांगायचं नाही का,' असं ओठांवर आलं. पण तिनं सांगितलं होतं. बसमध्ये, दोनदा.

तेवढ्यात तिचे साहेब, ओनो-सेन्सेई, आले. ओल्या मातीकडे बघून त्यांनी काहीतरी विचारलं. ज्ञानदानं स्वतःच्या नाकाला बोट लावलं, दोन वाक्यं बोलली आणि कमरेत वाकली.

इथं नाकाला बोट म्हणजे 'मी', एवढं लताबाईंना कळत होतं. इथली शेजारीण तसं करायची तेव्हा त्या हसायच्या, "हिच्या नाकावर माशी बसलीय का गं?"

ज्ञानदा वाकलेलीच होती. घरात इतकी वर्षं चूक निघाली की तिचीच निघायची, आणि लताबाईंना त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

साहेबांनी वही उघडली. लताबाई दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या. पदराआडचा हात त्यांनी बाहेर काढला आणि चिखलाचं बोट नाकातल्या चमकीवर टेकवलं.

"आई, राहू दे," ज्ञानदा म्हणाली.

बोट हललं नाही.